इंग्रजीत पाय, स्पॅनिशमध्ये केस

थट्टा करायची असेल तर इंग्रजी माणूस समोरच्याचा पाय ओढतो. स्पॅनिश माणूस त्याचे केस धरतो. 'तोमार एल पेलो' या स्पॅनिश वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ 'केस घेणे' असा, आणि व्यवहारातील अर्थ 'फिरकी घेणे'. एखाद्या नवशिक्या अनुवादकाने इंग्रजीतील पाय जसाच्या तसा स्पॅनिशमध्ये नेला, तर ऐकणाऱ्याच्या मनात भलतीच शंका येण्याचा संभव असतो. कारण स्पॅनिशमध्ये 'एस्तिरार ला पाता', म्हणजे 'पाय ताणणे', हा शब्दप्रयोग मरण्यासाठी वापरतात. त्यात 'कैलासवासी होणे' यातील आदर मुळीच नाही. तो आपल्या 'खपणे'च्या जवळचा आहे.

जगात सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा स्पॅनिश आहे. एकट्या अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी ती बोलतात. तेथील दवाखाने, न्यायालये, शाळा आणि दुकाने यांत इंग्रजीचे स्पॅनिश व स्पॅनिशचे इंग्रजी दिवसभर होत असते, आणि ते बरेचदा रोजच्या बोलण्याचेच असते. रोजचे बोलणे म्हटले की वाक्प्रचार आलेच.

त्यांतील चित्रमय वाक्प्रचार मोठे मनोरंजक असतात. इंग्रजीत जोराच्या पावसात कुत्री-मांजरे कोसळतात, स्पॅनिशमध्ये घागरी रिकाम्या होतात, आपल्याकडे मुसळे पडतात. फार महाग वस्तूसाठी इंग्रज एक हात आणि एक पाय देतो, तर स्पॅनिश ग्राहक 'चेहऱ्यावरचा एक डोळा' काढून देतो. सोपे काम इंग्रजीत केकचा तुकडा ठरते आणि स्पॅनिशमध्ये 'पान कोमीदो', म्हणजे खाऊन झालेला पाव. (आपला 'पाव' पोर्तुगीजांबरोबर आला, तो या 'पान'चाच भाऊबंद.) मांजराला इंग्रजीत नऊ जन्म आहेत, स्पॅनिशमध्ये सातच. न कळणारी गोष्ट इंग्रजाला ग्रीक वाटते, स्पॅनिश माणसाला चिनी. इंग्रजी परंपरेत तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ, तर स्पॅनिश परंपरेत मंगळवार. म्हणूनच शुक्रवारचे नाव मिरविणारा १९८० चा प्रसिद्ध हॉलिवूड भयपट लॅटिन अमेरिकेत 'मार्तेस १३', म्हणजे 'मंगळवार १३' झाला. जीवनसाथीला इंग्रजीत 'उत्तम अर्धा भाग' म्हणतात, स्पॅनिशमध्ये 'मेदिया नारांखा', अर्धे संत्रे. हा 'नारांखा' संस्कृत 'नारंग'पासून फारसी व अरबी भाषांच्या वाटेने स्पेनला पोहोचलेला शब्द आहे, हे नारिंग खाणाऱ्या मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कधी वाक्प्रचाराचा प्रवास उलटाही होतो. १९९१ च्या दुसऱ्या 'टर्मिनेटर' चित्रपटात इंग्रजी बोलणारा नायक 'आस्ता ला बिस्ता, बेबी' असा स्पॅनिश निरोप घेतो. त्यातील सारी गंमत परक्या भाषेच्या फोडणीत होती. स्पेनसाठी ध्वनिमुद्रण करताना तो निरोप तसाच ठेवला असता तर फोडणी उरली नसती. तेथील अनुवादकांनी नायकाच्या तोंडी जपानी शब्द घातला: 'सायोनारा, बेबी'. शब्द बदलला आणि परिणाम टिकला. अनुवादकाचे काम याहून थोडक्यात दाखविणे अवघड आहे.

तरीही असे वाक्प्रचार खऱ्या अडचणीचे नाहीत. आकाशातून कुत्री पडू लागली की अनुवादक आपोआप थांबतो. शब्दशः अर्थ अशक्य आहे हे वाक्यच ओरडून सांगते. कोशात पाहावे, जोडीदार वाक्प्रचार मिळाला तर घ्यावा, नाही तर साधा अर्थ लिहून मोकळे व्हावे. यंत्रेही आता हे बऱ्यापैकी करू लागली आहेत.

फसगत होते ती लहान शब्दांपाशी. इंग्रजीत 'पुट', 'गेट', 'टेक' यांसारख्या किरकोळ क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आउट' असे शेपूट जोडले की अर्थ पार बदलतो. 'पुट ऑन' म्हणजे कपडे घालणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे, आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सहन करणे. मराठी माणसाने याला हसू नये. 'बाहेर पडणे', 'आजारी पडणे', 'पार पडणे', 'कमी पडणे' आणि 'बरे पडणे' यांत नेमके काय पडते, हे परक्याला समजावून पाहावे!

स्पॅनिशमध्ये ही शेपटांची सोय नाही. तेथे प्रत्येक अर्थाला बहुधा स्वतंत्र क्रियापद आहे: कपडे घालण्याला 'पोनेर्से', पुढे ढकलण्याला 'आप्लासार', विझविण्याला 'आपागार', सोसण्याला 'आगुआन्तार'. 'गिव्ह अप'चे तर संदर्भानुसार दोन तुकडे होतात. शरण जाणे असेल तर 'रेन्दिर्से'. सिगारेट सोडणे असेल तर 'देखार दे फुमार'. म्हणजे अनुवादकाला आधी विचारावे लागते की काय सोडले: शस्त्र की धूम्रपान?

येथे आणखी एक खाचखळगा आहे, आणि त्याकडे पाठ्यपुस्तके फारसे लक्ष देत नाहीत. इंग्रजीत अशा बहुतेक घरगुती जोडशब्दांना एक लॅटिन वंशाचा भारदस्त पर्याय असतो. 'पुट आउट'ला 'एक्स्टिंग्विश', 'गो इन'ला 'एंटर', 'गो डाउन'ला 'डिसेंड'. हे भारदस्त शब्द स्पॅनिश शब्दांचे आप्त असल्याने अनुवादकाचा हात आपसूक तिकडे जातो. परंतु आप्तांची प्रतिष्ठा दोन्ही घरांत सारखी नसते. इंग्रजी 'एंटर' औपचारिक आहे, तर स्पॅनिश 'एन्त्रार' पोरासोरांच्या तोंडचा. याउलट, दिवा मालवायला सांगणाऱ्या आईच्या तोंडी 'आपागार'ऐवजी 'एक्स्तिंगीर' घातले, तर ती अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यासारखी बोलू लागते. वाक्य चुकत नाही, माणूस बदलतो. अनुवादित कादंबऱ्यांतील संवाद निर्जीव वाटतात, त्यामागे असे अनेक 'बरोबर' शब्द असतात.

वाक्याच्या घडणीतही फरक आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ मध्ये तो नेमकेपणाने मांडला. इंग्रजी भाषा हालचालीची तऱ्हा क्रियापदात ठेवते आणि दिशा शेपटात. स्पॅनिश भाषा दिशा क्रियापदात ठेवते आणि तऱ्हा वाटल्यास जोडते. मूल 'रॅन आउट' झाले, याचे स्पॅनिश 'सालियो कोर्रिएंदो'. मराठीत ते 'पळत बाहेर पडले' असे होते. म्हणजे येथे स्पॅनिश आणि मराठी एका बाजूला आहेत. बर्कलीचे डॅन स्लोबिन यांनी बेडकाच्या एका शब्दविरहित चित्रपुस्तकावरून निरनिराळ्या भाषिकांना गोष्ट सांगायला लावली, तेव्हा इंग्रजी निवेदकांच्या गोष्टींत सरपटणे, झेपावणे, घरंगळणे अशी क्रियापदे अधिक आढळली. स्पॅनिश निवेदकांनी प्रसंगाच्या देखाव्याकडे अधिक लक्ष दिले.

मराठी आणि स्पॅनिश यांचे सूत आणखी एका ठिकाणी जुळते. इंग्रज 'मी ग्लास पाडला' म्हणून मोकळा होतो. स्पॅनिश माणूस म्हणतो 'से मे काइयो एल बासो', म्हणजे जवळजवळ 'माझ्या हातून ग्लास पडला'. 'आय लाइक'चे 'मे गुस्ता' हे तर थेट 'मला आवडते'च होय. पैशांच्या बाबतीत इंग्रज 'रॅन आउट' होतो. स्पॅनिशमध्ये, आपल्यासारखेच, पैसे स्वतःच संपतात. इंग्रजीच्या आधाराने स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने मधली इंग्रजी बाजूला सारून पाहिली, तर निम्मे कोडे तेथेच सुटते.

अर्थात, स्पॅनिश म्हणजे कोणती स्पॅनिश, हा प्रश्न उरतोच. बस पकडण्याला स्पेनमध्ये 'कोखेर' हे निरुपद्रवी क्रियापद चालते. मेक्सिको आणि अर्जेंटिनात तेच अश्लील ठरते, तेथे 'तोमार' म्हणावे. 'कॉल बॅक'चे व्याकरणशुद्ध स्पॅनिश 'देबोल्बेर ला यामादा', म्हणजे फोन परत करणे. अमेरिकेतील स्पॅनिशभाषक मात्र इंग्रजीच्या सहवासाने 'यामार पारा आत्रास', म्हणजे 'मागे फोन करणे', असे सर्रास म्हणतात. शुद्धतावाद्यांना ते खुपते. परंतु मायामी किंवा लॉस एंजलिसमधील दुभाष्याला ते कळलेच पाहिजे. समोरचा माणूस अकादमीच्या कोशातून बोलत नसतो.

दवाखान्यात तर कोणाला काय खुपते याला अर्थच राहत नाही. 'पास आउट' हा शब्द घ्या. आपल्याकडे मुलगा महाविद्यालयातून 'पास आउट' होतो. अमेरिकी डॉक्टरच्या लेखी तो बेशुद्ध पडतो, आणि स्पॅनिशमध्ये त्याला 'देस्मायार्से' म्हणतात. शेपूट बदलून 'पास अवे' केले की माणूस दगावतो. घाईगर्दीत, फोनवर, अर्धवट इंग्रजी जाणणाऱ्या नातेवाइकाला या एका अव्ययाचा फरक कळेलच, याची खात्री कोणी द्यावी?

१९८० मध्ये फ्लोरिडात उलट दिशेने असेच घडले. बेशुद्धावस्थेत आणलेल्या १८ वर्षांच्या मुलाबद्दल त्याच्या क्युबन कुटुंबीयांनी 'इन्तोक्सिकादो' हा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काही बाधले असा. इंग्रजी कानांना तो नशेचा शब्द वाटला आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे चारही अवयव लुळे पडले. त्याच्या हयातीत मिळून सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरपर्यंत जाणारी तडजोड झाली. प्रशिक्षित दुभाषी बोलावण्याचे त्या वेळी कोणाला सुचलेच नव्हते, कारण आपल्याला शब्द कळला अशीच सर्वांची समजूत होती.

सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांनी इंग्रजी न जाणणाऱ्यांपर्यंत सेवा पोहोचवाव्यात, असा आदेश अध्यक्ष क्लिंटन यांनी २००० मध्ये काढला होता; मार्च २०२५ मध्ये तो रद्द झाला. औषधांच्या दुकानांत यंत्रांचा वापर त्याआधीच रूढ झाला होता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात संगणकाने तयार केलेल्या ७६ स्पॅनिश औषधचिठ्ठ्या संशोधकांनी तपासल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत निम्म्या चिठ्ठ्यांमध्ये चुका निघाल्या. अनेक चिठ्ठ्यांत भाषांतर अर्धवट होते, इंग्रजी शब्द तसेच राहिले होते. अशा राहून जाणाऱ्या शब्दांपैकी सर्वांत घातक म्हणजे इंग्रजी 'वन्स', एकदा. त्याची अक्षरे स्पॅनिश 'ओन्से'शी तंतोतंत जुळतात, आणि 'ओन्से' म्हणजे अकरा. दिवसातून एकदा घ्यायची गोळी स्पॅनिश वाचणाऱ्याला दिवसातून अकरा वेळा घ्यायची वाटू शकते. त्या जागी हवे होते फक्त 'उना बेस आल दिआ'.