टेकडीला बांध, बकरीला बंदी. मग आपला वाटा कोणता?

महागाव तालुका म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील टेकड्यांचा मुलूख. एका अंगाला पुसद, दुसऱ्या अंगाला उमरखेड. नदीनाल्याकाठची काळी जमीन सोडली तर बाकी बरड, मुरमाड रान. पाऊस उतारावर थांबत नाही. जाताना मातीही घेऊन जातो. अशा रानाच्या कडेला राहणाऱ्या आपल्या भूमिहीन कुटुंबांचा आधार म्हणजे दोन-चार बकऱ्या. त्या राखते घरातील बाई. मुलीची फी असो, दवाखाना असो, अडीनडीला बकरीच बाजारात जाते. माझ्यासारख्या कारकुनाच्या भाषेत सांगायचे तर बकरी हे आमच्या मायमाऊल्यांचे बचत खाते आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या ग्रामसभेला मी हजर होतो. पाणलोटाची कामे मंजूर झाली होती. टेकडीवर समतल चर, नाल्यात बांध, शेतांना बांधबंदिस्ती. सर्वांना आनंद झाला. शेवटी ठराव आला, टेकडीवर चराईबंदी. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या आजीने विचारले, "बाबू, मंग माह्या बकऱ्या मी कोठं नेऊ?" कोणीच उत्तर दिले नाही. ठराव मात्र मंजूर झाला. तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे.

चराईबंदी चूक आहे, असे मी म्हणत नाही. चर खोदले आणि त्यात जनावरे सोडली तर गवत वाढणार नाही, माती थांबणार नाही, सरकारचा पैसा पाण्यात जाईल. आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातील सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना 1992 मध्ये राज्यात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते उभे राहिले. आदर्श गाव योजनेतही कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही सूत्रे आली. हिवरे बाजारसारख्या गावांनी ती पाळली आणि त्यांची भरभराट झाली.

प्रश्न एवढाच आहे की, नफा कोणाच्या खाती आणि तोटा कोणाच्या? बांध बांधला की विहिरीला पाणी वाढते. विहीर असते जमीनवाल्याची. चराईबंदीने रान बंद होते, ते बिनजमीनवाल्याचे. योजना एकच, पण जमेची बाजू एका घरात आणि खर्चाची दुसऱ्या घरात!

यावर उपाय नाही असे नाही. पुरंदर तालुक्यात 1974 च्या सुमारास विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तेथे पाणी जमिनीच्या एकरावर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर वाटले. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला आणि उसाला पाणी नाकारले. हरियाणातील सुखोमाजरी गावाने टेकडीवरची चराई बंद केली, तेव्हा तलावाच्या पाण्यात भूमिहीनांनाही वाटा दिला. हिवरे बाजारातही रान राखले, पण गवत कापून न्यायची मोकळीक ठेवली. म्हणजे बंदी घालायची तर मोबदला द्यायचा, हा न्याय इतरांनी करून दाखविला आहे.

आता सरकारी मदतीकडे वळू. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना 2017 मध्ये आली. तीत नव्या विहिरीला अडीच लाख रुपये अनुदान होते. 2024 मध्ये ते चार लाख करण्याचा निर्णय झाला. जुनी विहीर दुरुस्ती, पंप, ठिबक, शेततळ्याचे अस्तरीकरण यांनाही मदत आहे. पण पहिली अट, सातबारा हवा. भूमिहीनांसाठी 2004 ची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. 2018 पासून शंभर टक्के अनुदानावर. विधवा व परित्यक्ता भगिनींना त्यात प्राधान्य आहे. परंतु विकणारा मिळाला पाहिजे आणि सरकारी दरात जमीन बसली पाहिजे. येथेच घोडे अडते.

तिसरी वाट गायरानाची. दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले. पुढे 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले, तेव्हाही शासन निर्णयाने भूमिहीन व अनुसूचित जातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. तरीही कित्येक घरे पुराव्याअभावी लटकली आहेत. बाप कसत होता, आजा कसत होता, हे सारे गाव सांगते. कागद सांगत नाही. दंडाची पावतीच तेवढी पुरावा ठरते, आणि तीच आपण चुलीजवळच्या डब्यात ठेवून उंदरांना खाऊ घालतो!

म्हणून भगिनींनो आणि बांधवांनो, माझी विनंती आहे. विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ कागदांसाठी ठेवा. जातीचा दाखला, आठ-अ, सातबारा, दंडाच्या पावत्या, अतिक्रमण नोंदवहीचा (गाव नमुना 1-ई) उतारा, सारे एका पिशवीत लावा. वारसांची नोंद राहिली असेल तर करून घ्या. घरातील मुलगी आणि सून यांची नावे वगळू नका. शिकलेल्या पोरांनी ऑनलाईन अर्ज भरून द्यावेत, दलालाला पैसे देऊ नयेत.

आणि ग्रामसभेला जा. चराईबंदीचा ठराव आला तर विरोध करू नका. त्यात दोन ओळी वाढवून घ्या. राखलेल्या रानातले गवत बकऱ्या असणाऱ्या भूमिहीन घरांना आधी कापू द्यावे. नव्या तळ्याच्या पाण्यात, गाळात आणि मासळीत त्यांचा वाटा लिहून ठेवावा. इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय सही-अंगठा करू नका. तोंडी शब्द वाऱ्यावर जातो, लिहिलेले टिकते, हे मी रोज टेबलावर पाहतो.

बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी महाडला ओंजळभर पाणी घेतले, ते तहान भागवायला नव्हे. सार्वजनिक पाण्यावर आपलाही तितकाच हक्क आहे, हे सिद्ध करायला. सरकारी पैशाने अडविलेले पाणी आणि राखलेले गवतही सार्वजनिकच आहे. त्या आजीच्या प्रश्नाला उत्तर देणे आता आपल्या हाती आहे.

जय भीम!