डोंगरवाड्यांतील दिनचर्या

आमच्या वर्तकनगरच्या पश्चिमेस येऊरचा डोंगर आहे. सकाळी तिकडे फिरावयास जाणारी मंडळी पुष्कळ. परंतु सह्याद्रीची मुख्य रांग पूर्वेस, शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या माथ्यावर उभी आहे. अलीकडे घरोघरची मुले-मुली पाठीवर पिशव्या टाकून तिकडे निघतात. कड्यांची उंची त्यांना मुखोद्गत असते. त्या कड्यांखाली नांदणाऱ्या गावांचा दिवस कसा जातो, हे मात्र विचारले असता सांगता येत नाही. तेवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आसनगावास आगगाडीतून उतरून शहापूर, डोळखांब या मार्गाने डेहणे गाठावे. समोर आजोबाचा पर्वत दिसतो. वाल्मीकींचा आश्रम येथेच होता व लवकुशांचा जन्म येथेच झाला, अशी स्थानिकांची श्रद्धा आहे. जुन्या घाटवाटेने सह्यधारेवर चढले की अकोले तालुक्यातील कुमशेत व पुढे पाचनई लागते; पाचनई म्हणजे हरिश्चंद्रगडाचा पायथा. या भागात वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी व ठाकर समाजाची आहे.

येथील दिवस कोंबड्याच्या आरवण्याबरोबर सुरू होतो. कारवीच्या कुडाला मातीशेणाने लिंपलेली घरे आता थोडी उरली आहेत, विटांची व पत्र्याची वाढली आहेत. तथापि पहाटेचा चुलीचा धूर तसाच आहे. न्याहारीस नागलीची किंवा तांदळाची भाकरी व मिरचीचा ठेचा. भात, नागली, वरई व खुरासणी ही येथली पिके. पावसाळ्यापूर्वी शेतात पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा, पहिल्या पावसावर रोप टाकावयाचे, आषाढात लावणी करावयाची. दिवाळीनंतर पीक घरात आले की पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी खाली उतरतात. म्हणून माघ-फाल्गुनात गेलेल्या पांथस्थास काही दारांना कुलपे व ओसरीवर केवळ वृद्ध माणसे आढळतात.

आता मुख्य गोष्ट पाण्याची. या मुलखात पाऊस शंभर इंचांच्या घरात पडतो. परंतु काळा पाषाण कठीण, माती पातळ व उतार तीव्र, म्हणून पाणी मुरत नाही, वाहून जाते. चैत्रवैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो. मग डोक्यावर हंडा व कमरेवर कळशी घेऊन झऱ्याकडे खेपा घालणे, हाच बायकांचा निम्मा दिवस. आणि वाहून गेलेले पाणी जाते कोठे? तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे वैतरणेवर व भातसेवर धरणे झाली. मुंबई व ठाणे येथील आपल्या घरांतील नळांना त्याच डोंगरांचे पाणी येते. ज्या शहापूर तालुक्यात हे जलाशय आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हा विरोध ध्यानी घेतला म्हणजे पाहुण्याचे आचरण कसे असावे, हे निराळे सांगावयास नको.

तरीही तरुण वाचकांसाठी दोन शब्द. यजमानीण पाण्याचा तांब्या पुढे करील, तो आदराने घ्यावा. परंतु तिने दूरवरून आणलेल्या हंड्यातून हातपाय व भांडी धुऊ नयेत. स्नानावाचून एक दिवस गेल्याने धर्म बुडत नाही. रात्री मुक्काम करावयाचा असल्यास सायंकाळपूर्वीच कळवावे, म्हणजे घरच्यांच्या ताटातील भाकरी कमी होणार नाही. वडीलधाऱ्यांस 'बाबा', 'मावशी' म्हणावे. भोजनाचा मोबदला संकोच न करता व उपकाराचा आव न आणता द्यावा. वाट दाखवणाऱ्याच्या श्रमांची किंमत आधी ठरवावी व ठरलेली पुरी द्यावी. प्लास्टिकचा कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा. तेथे तो उचलावयास कोणी येत नाही.

आपल्या घरांत अतिथीला देव मानण्याची शिकवण आहे. पण अतिथी कसा असावा, हे मुलांना फारसे कोणी शिकवीत नाही. डोंगरावर जाणाऱ्या मुलाच्या शिदोरीबरोबर वडील मंडळींनी एवढा धडाही बांधून द्यावा. मग कड्यावरून परतलेला मुलगा घरी नळ उघडा राहिलेला दिसताच आपणहून उठेल व तो बंद करील.