उपग्रहाला झाडाचे दुखणे कसे कळते?

आमच्या गावात ओढ्यापलीकडे वीटभट्टी आहे. माझे बाबा तिथे कामाला जातात. भट्टीला लागूनच तात्यांची आमराई आहे. गेल्या उन्हाळ्यात तात्यांच्या झाडांची पाने कडेने करपली आणि कैऱ्यांची टोके काळी पडली. तात्या म्हणाले, "हा भट्टीचा धूर." भट्टीवाले म्हणाले, "झाडं म्हातारी झालीत, धुराला कशाला नावं ठेवता?" पारावर दोन दिवस भांडण झाले. बाबा मधल्या मध्ये गप्प बसले. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "भट्टी बंद पडली तर आपण खायचं काय?"

मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, खरं कोण बोलतंय हे कसं कळायचं?" गुरुजी म्हणाले, "युरोपात डोंगरच्या डोंगर असे करपले होते. तिथं उपग्रहाचा उपयोग झाला. तू माहिती काढ आणि भित्तिपत्रकासाठी लिही." म्हणून हा लेख.

प्रथम पानाची गोष्ट पाहू. पानात हरितद्रव्य असते. ते सूर्यप्रकाशातला तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते व त्यावर झाडाचे अन्न तयार होते. हिरवा प्रकाश त्या मानाने जास्त परत येतो, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. हे आपण पुस्तकात शिकलोच आहोत. पण तांबड्याच्या पलीकडे आणखी एक प्रकाश असतो. त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात. तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. निरोगी पान हा प्रकाश जवळजवळ निम्मा परत फेकते, कारण पानाच्या आत पेशींच्या मध्ये हवेच्या पोकळ्या असतात व तिथून तो माघारी फिरतो. आपल्याला अवरक्त दिसत असते तर भर दुपारी आमराई नुसती झगझगली असती!

आता पान आजारी पडले की काय होते? हरितद्रव्य कमी होते. शोषणारेच कमी झाले, म्हणून तांबडा प्रकाश जास्त परत येऊ लागतो. पेशी मोडल्या, पाने गळली की अवरक्त कमी परत येतो. आणखी एक खूण आहे. तांबडा संपून अवरक्त सुरू होतो त्या हद्दीवर परत येणारा प्रकाश एकदम उडी मारतो. पानाला त्रास होऊ लागला की ही उडी थोडी अलीकडे, तांबड्याच्या बाजूला सरकते. पुष्कळदा पान अजून डोळ्याला हिरवेगार दिसत असते, तेव्हाच ही सरक यंत्राने मापता येते. माझी आज्जी म्हणते, "पोराचं तोंड उतरलं की ताप येणार, हे मला आधीच कळतं." तसेच हे आहे.

हे मापणारी यंत्रे उपग्रहावर बसवतात. अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडला. १९८४ साली सोडलेला लँडसॅट-५ हा ७०५ किलोमीटर उंचीवरून दर १६ दिवसांनी त्याच जागेवर येई. तो २०१३ पर्यंत चालला. आपल्या भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी आकाशात गेला.

उपग्रहाचे चित्र छोट्या चौकटींचे असते, आपल्या चौकटीच्या वहीसारखे. लँडसॅट-५ ची एक चौकट जमिनीवर ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, म्हणजे ९०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे एका चौकटीत जवळजवळ नऊ गुंठे! तात्यांची आमराई वीस गुंठ्यांची आहे, ती दोन चौकटींहून थोडीशीच मोठी भरेल. एकटे झाड त्यात दिसणार नाही. २०१५ साली युरोपने सोडलेल्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या बारीक चौकटी १० मीटरच्या आहेत, म्हणजे एका चौकटीत साधारण एक गुंठा. त्याला वर सांगितलेल्या हद्दीवरची उडी पाहण्यासाठी वेगळे पट्टेही दिलेले आहेत, पण त्यांच्या चौकटी २० मीटरच्या आहेत.

प्रत्येक चौकटीसाठी एक सोपे गणित करतात. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि आलेल्या उत्तराला दोघांच्या बेरजेने भागायचे. समजा, निरोगी झाडीतून अवरक्त ५० आणि तांबडा ५ परत आला. मग ४५ भागिले ५५, उत्तर सुमारे ०.८२. आजारी झाडीतून अवरक्त ३५ आणि तांबडा १२ आला, तर २३ भागिले ४७, उत्तर सुमारे ०.४९. (हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत.) उत्तर दरवर्षी खाली येऊ लागले की समजावे, इथे काहीतरी बिघडत आहे.

आता त्या डोंगरांची हकिकत. जर्मनी आणि चेक देशाच्या सीमेवर क्रुश्ने होरी नावाचे डोंगर आहेत. जर्मन लोक त्यांना एर्ट्सगेबिर्गे म्हणतात. तिथे स्प्रूस नावाच्या सुईसारख्या पानांच्या झाडांचे दाट जंगल होते. डोंगराच्या पायथ्याशी तपकिरी कोळशाच्या खाणी आणि त्या कोळशावर चालणारी वीज केंद्रे होती. त्या कोळशात गंधक फार. तो जाळला की गंधकाचा वायू निघे. तो पानांच्या बारीक छिद्रांतून आत जाई, तसेच धुक्यात व पावसात मिसळून आम्ल होऊन जमिनीवर पडे. जमिनीतली कॅल्शियम, मॅग्नेशियम ही झाडाला लागणारी द्रव्ये त्यामुळे धुऊन जात. झाड अशक्त झाले की थंडी आणि साल पोखरणारे किडे उरलेले काम करत. १९७० व १९८० च्या दशकांत माथ्यावरचे जंगल मोठ्या प्रमाणावर मेले व तोडावे लागले. जर्मनी, चेक आणि पोलंड मिळतात त्या भागाला लोक 'काळा त्रिकोण' म्हणू लागले.

लँडसॅटच्या चित्रांवरून शास्त्रज्ञांनी तिथल्या झाडीचे नकाशे केले. कुठे नुकसान थोडे, कुठे मध्यम, कुठे जंगल गेलेच, हे नकाशावर उमटले. माणसाला पायी फिरून एवढे डोंगर दरवर्षी पाहणे जमले नसते.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. उपग्रह "झाड आजारी आहे" एवढेच सांगतो. "कशाने" ते सांगत नाही. सागाला फाल्गुनात पानच नसते, मग उपग्रहाने त्याला आजारी म्हणायचे का? म्हणून एका वर्षाच्या एका महिन्याची तुलना दुसऱ्या वर्षाच्या त्याच महिन्याशी करतात. पाऊस कमी पडला, कीड पडली, तरीही चित्र तसेच दिसते. पावसाळ्यात ढग आडवे येतात ते वेगळेच. म्हणून माणसाला जमिनीवर जाऊन पाने, माती आणि हवा तपासावीच लागते.

अमेरिकेतले बॅरेट रॉक या शास्त्रज्ञांनी हेच केले. व्हरमाँट राज्यातल्या डोंगरावरची स्प्रूसची झाडे त्यांनी जमिनीवरून मापली आणि उपग्रहाच्या व विमानातल्या यंत्रांच्या मापांशी ताडून पाहिली. पुढे १९९१ मध्ये न्यू हॅम्पशायर विद्यापीठाने शाळेतल्या मुलांनाच या कामात घेतले. मुले शाळेजवळ ३० मीटरची चौकट आखतात, पाइनच्या सुया गोळा करतात, त्यांवरचे पिवळे ठिपके पाहतात. मुलांचे काम शास्त्रज्ञांना उपयोगी पडते, हे वाचून मला फार आनंद झाला.

त्या काळ्या त्रिकोणाचे पुढे काय झाले? १९९० च्या दशकात काही जुनी वीज केंद्रे बंद झाली. उरलेल्यांनी धूर बाहेर सोडण्याआधी चुनखडीच्या पाण्याने धुण्याची यंत्रे बसवली. गंधकाचा वायू पुष्कळ कमी झाला. डोंगरावर पुन्हा झाडे लावली गेली आणि आता माथे हिरवे होत आहेत. वीजही चालू राहिली. हे मी बाबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हंजे भट्टी का झाड, असं नाही. धुराचं बघायला पाहिजे." मला वाटते, हे पारावर कुणी बोललेच नव्हते.

सध्या पावसाळा आहे आणि भट्टी बंद आहे. आमच्या वर्गातल्या पाच जणांनी तीन झाडे भट्टीजवळची आणि तीन झाडे लांब देवळामागची निवडली आहेत. दर शनिवारी प्रत्येक झाडाची पन्नास पाने पाहायची, करपलेली किती ते वहीत लिहायचे आणि काठीला फडके बांधून वारा कुठून येतो ते टिपायचे. दिवाळीनंतर भट्टी पेटेल, तेव्हाही मोजणे चालू ठेवायचे. म्हणजे आधीचे आणि नंतरचे, जवळचे आणि लांबचे, असे चारही आकडे हाती येतील. कोण हरले, कोण जिंकले ते आम्ही लिहिणार नाही. फक्त आकडे याच फळ्यावर लावू.

गेल्या शनिवारी माझा हात फांदीला पुरेना. बाबा कुंपणापलीकडून बघत होते. ते आले आणि काही न बोलता फांदी खाली वाकवून धरली. पन्नास पाने मोजून होईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

पालकांना विनंती, झाडांना बांधलेल्या दोऱ्या कृपया सोडू नयेत. त्या आमच्या मोजणीच्या खुणा आहेत.

— इयत्ता सातवी