घरच्या कारखान्यातील जागा आणि जड सामान

हुबळी-धारवाड या जुळ्या शहराला लोखंडी कामाची परंपरा जुनी आहे. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुबळी येथे आपला कारखाना उभारला आणि त्याबरोबर लेथ, भट्टी व ऐरण यांच्याशी परिचय असलेला कारागीरवर्ग येथे स्थिरावला. पुढे गोकुळ रस्ता व तारीहाळ येथील औद्योगिक वसाहतींत व्हॉल्व्ह आणि यंत्रांचे सुटे भाग तयार होऊ लागले. अशा मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने घराच्या परसात किंवा रस्त्याकडच्या खोलीत चालणारे लहान कारखानेही असतात. बाप, मुलगा व एखादा शिकाऊ उमेदवार एवढ्यावर त्यांचा व्यवहार चालतो. एक लेथ, एक ड्रिल यंत्र, एक सहाण, वेल्डिंगचा संच आणि या सर्वांच्या भोवती वर्षानुवर्षे साठत गेलेले सामान, असे त्यांचे सामान्यतः स्वरूप असते. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या सामानाचा.

जागेची अडचण या भागातील उद्योगाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावी सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार करण्याचा कारखाना चालविला. परंतु गावाच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि त्यांना बेळगाव सोडावे लागले. 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसली ती त्यामुळे. तथापि प्रत्येक कारागिराला बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखा जागा देणारा आश्रयदाता भेटतोच असे नाही. त्याला आहे तीच जागा पुरवून वापरावी लागते.

अशा ठिकाणी सर्वप्रथम भरते ती जमीन. 'तूर्त येथे असू दे' म्हणून ठेवलेली वस्तू तेथेच राहते, तिच्यावर दुसरी येते, आणि पाना शोधण्यासाठी अर्धा तास जातो. वेळेचा हा अपव्यय एक वेळ सहन करता येईल. परंतु परसातील कारखाना हे घरही असते. त्याच वाटेने घरातील स्त्रिया पाणी आणतात, मुले खेळतात. भिंतीला टेकवून उभी ठेवलेली लोखंडी पत्र्याची जाड पट्टी घसरली तर ती कोणाच्या पायावर पडेल, हे आधी सांगता येत नाही.

यावर उपाय शोधताना आपल्या स्वयंपाकघरातील उतरंड आठवावी. तिच्यात मोठे मडके तळाशी असते आणि लहान वर. कोणत्याही गृहिणीला हे कोणी शिकविलेले नसते. कारखान्यात मात्र नेमके याच्या उलट घडते. रोज न लागणारी वस्तू 'अडगळ' ठरते आणि माळ्यावर जाते. मग ती जुनी मोटर असो वा गिअरबॉक्स. वस्तूची जागा ठरविताना ती किती वेळा लागते हे पाहावेच, परंतु त्याआधी तिचे वजन पाहावे. जड वस्तू गुडघ्याच्या खाली किंवा फार तर कमरेच्या उंचीपर्यंत; मध्यम वजनाची व रोज लागणारी वस्तू कमर व खांदा यांच्या दरम्यान; खांद्याच्या वर केवळ हलके सामान. कौलारू घराच्या माळ्याच्या तुळया धान्याची पोती व जळण यांच्या हिशेबाने घातलेल्या असतात, इंजिनाच्या नव्हे. त्याच तुळयांना किंवा आढ्याला चेनपुली अडकवून यंत्र उचलण्याचा प्रयत्न तर कधीही करू नये. त्यासाठी स्वतंत्र लोखंडी तिकाटणे वापरावे.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी घेण्यात पुष्कळांची फसगत होते. गोल सळईचे वजन काढण्याची रीत सोपी आहे. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला 162 ने भागले की एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. 25 मिलिमीटरची सहा मीटर लांब सळई सुमारे 23 किलो भरते. व्यास दुप्पट, म्हणजे 50 मिलिमीटर केला, की वजन दुप्पट नव्हे तर चौपट, सुमारे 93 किलो होते. सपाट पोलादी पत्र्यासाठी जाडीच्या मिलिमीटरला 7.85 ने गुणावे. एका चौरस मीटरचे वजन मिळते. 10 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर तुकडा 78 किलोंच्या वर जातो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1967 च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने वाहावयाचे ओझे 55 किलोंहून अधिक असल्यास ते तेवढ्यावर आणावे असे सुचविले, आणि स्त्रियांसाठी ते पुष्कळच कमी असावे असे म्हटले. शाळेतील शिक्षकांनी वरील दोन्ही आकडेमोडी गणिताच्या तासाला करून घेण्यासारख्या आहेत. ज्यांच्या घरी असे काम चालते, त्या मुलांना त्यांचा उपयोग कळण्यास वेळ लागणार नाही.

लांब सळया व पाइप यांच्यासाठी भिंतीलगत मजबूत उभे खांब रोवून त्यांना आडवे हात काढावेत. सर्वांत जाड सळया तळाच्या हातांवर ठेवाव्यात व हातांच्या टोकांना बोटभर उंचीचा अटकाव असावा, म्हणजे सळई गडगडत नाही. अर्ध्या मीटरहून लहान तुकडे मात्र येथे ठेवू नयेत; त्यांना वेगळी पेटी करावी. ही पेटी भरली की तुकडे निवडून उरलेले भंगारात द्यावेत. 'कधीतरी लागेल' या सबबीखाली जपलेल्या तुकड्यांनी जितकी जागा अडते तितकी यंत्रांनीही अडत नाही, असे अनेक कारखाने पाहिल्यावर वाटू लागते.

यंत्रांच्या बाबतीत प्रश्न जमिनीपासून सुरू होतो. हुबळीपासून पूर्वेकडे नवलगुंद-कुंदगोळच्या बाजूला काळी माती आहे. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी घालून लेथ बसविला तर काही ऋतूंत त्याची पातळी बिघडते आणि कापलेला दांडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघू लागतो. दोष यंत्राला दिला जातो. जेथे जड यंत्र यावयाचे तेथील काळी माती कठीण थर लागेपर्यंत काढून टाकावी, मुरूम थराथराने चोपून भरावा व त्यावर काँक्रीट करावे. धारवाडची बाजू मलनाडाच्या कडेची. तेथे माती तांबडी, परंतु पाऊस व दमटपणा अधिक. तेथे भीती गंजाची. व्हर्निअर, मायक्रोमीटर यांसारखी मोजमापाची साधने तेलाचा हात फिरवून बंद कपाटात ठेवावीत, आणि ते कपाट सहाणेपासून दूर असावे. सहाणेची धूळ अशा साधनांचा घात करते.

लेथ कोठे ठेवावा हे ठरविताना केवळ यंत्राची लांबी मोजून चालत नाही. लांब सळई चकाच्या मागून पलीकडे निघते. तेवढी जागा त्या टोकाला मोकळी लागते आणि नेमकी तीच जागा सामान ठेवण्यासाठी सोयीची वाटते. फिरती सळई वाकून तडाखा देते, म्हणून तेथे काही साठवू नये व माणसाची वाटही नसावी. कारागीर उभा राहतो तेथे निदान तीन फूट मोकळे असावे. पंधरा-वीस किलोंचा चक काढ-घाल करण्यासाठी यंत्राच्या डोक्याकडच्या बाजूलाच, कमरेच्या उंचीवर, लाकडी घडवंची ठेवली म्हणजे कंबर वाचते. ड्रिल यंत्र वरच्या बाजूस जड असते. ते जमिनीत किंवा टेबलाला बोल्टने पक्के करावे. जड यंत्र हलविण्याचा प्रसंग आला तर पाइपचे तीन-चार सारखे तुकडे खाली घालून पहारीने रेटीत न्यावे. उतारावर मात्र मागून दोराचा ताण हवाच.

हातोडे, पाने, कानशी यांच्यासाठी एक फळी भिंतीवर लावून प्रत्येक हत्याराची बाह्याकृती तिच्यावर रंगाने काढावी. रिकामी आकृती दिसली की कोणते हत्यार जागेवर नाही हे तत्काळ कळते. मोठ्या कारखान्यांतून हत्यार देताना कामगाराकडून पितळी बिल्ला घेऊन तो त्या जागी अडकविण्याची पद्धत होती. तिचेच हे घरगुती रूप आहे. जपानमध्ये निवड, मांडणी, सफाई, प्रमाणीकरण व शिस्त अशा पाच पायऱ्यांची पद्धत रूढ झाली आणि जगभर गेली. तिच्यात पहिली पायरी निवडीची आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नको ते बाहेर काढल्यावाचून नवीन मांडण्या आणल्या, तर अडगळ केवळ उंच होते.

गॅस वेल्डिंगच्या नळकांड्यांविषयी विशेष दक्षता आवश्यक आहे. ॲसिटिलीन नळकांड्यात ॲसिटोन या द्रवात विरघळविलेले असते; नळकांडे आडवे केल्यास तो द्रव झडपेवाटे बाहेर येण्याचा संभव असतो. म्हणून ते उभेच, साखळीने बांधून ठेवावे. ऑक्सिजनच्या झडपेला तेल वा ग्रीसचा हात कदापि लावू नये, कारण दाबाखालील ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेल पेट घेते. वापरात नसलेली नळकांडी घरात न ठेवता बाहेर सावलीत, टोपण बसवून, दोन प्रकार एकमेकांपासून दूर ठेवावीत. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्याही ढीग करून ठेवल्यास आपोआप तापून पेटतात. त्यांच्यासाठी झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवावा व तो रोज रिकामा करावा.

हे सर्व करण्यास फारसा खर्च येत नाही. भंगारात पडलेल्या अँगलच्या तुकड्यांतूनच मांडण्यांचे खांब व हात होतात, आणि वेल्डिंग घरचेच असते. शेतकऱ्यांनाही नांगर, पंपाची मोटर व ट्रॅक्टरची अवजारे गोठ्यात ठेवताना हीच रीत वापरता येईल. तेथे अवजारांचे फाळ भिंतीकडे करून ठेवावेत व त्यांखाली लाकडी ओंडके द्यावेत, म्हणजे ओल चढत नाही. मांडणी तयार झाल्यावर तिच्या प्रत्येक हातावर तो किती किलो पेलू शकतो हा आकडा पांढऱ्या रंगाने मोठा लिहून ठेवावा. कारण सामान ठेवणारा हात पुष्कळदा मांडणी करणाऱ्याचा नसतो.