दाराची ताकद बिटाच्या दांड्यात

पावसाळ्यात कपाटाचं दार का अडकतं? लाकूड ओल शोषून रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून जाणता सुतार मधला दिल्हा चौकटीच्या खाचेत सरस न लावता मोकळा ठेवतो. मजबुती येते चौकटीच्या सांध्यांतून. त्यासाठी राउटरचे बिट जुळ्या जोडीनेच घ्या: एक खाच पाडतो, दुसरा तिच्यात चपखल बसणारी जीभ.

दांडा 6 नव्हे, 12 मिलिमीटरचा हवा. जाडी दुप्पट झाली की वाकण्याला होणारा विरोध सोळापट होतो. थरथर कमी, काप स्वच्छ. इथे पैसे वाचवू नयेतच.

दिल्ह्याची कड उतरवणारा 90 मिलिमीटरचा बिट मिनिटाला 22,000 फेऱ्यांनी फिरवला, तर त्याची धार ताशी सुमारे 370 किलोमीटरने धावते! तो टेबलाला बसवलेल्या राउटरवरच, 10,000 फेऱ्यांच्या आसपास, थोडं थोडं लाकूड काढत चालवा.