मुलाचे अभ्यासात मन लागत नाही : पालकांनी काय करावे?

बारावीचे वर्ष सुरू झाले की आपल्या वस्तीतील घराघरांतून एकच वाक्य कानी येते : "सगळे दिले, पण पोरगा पुस्तकाला हात लावत नाही." सांगणारे वडील रात्रपाळी करून आलेले असतात. आई चार घरची कामे उरकून आलेली असते. शिकवणीची फी पतपेढीच्या कर्जातून भरलेली असते. आणि मुलगा मात्र भिंतीकडे तोंड करून मोबाईल पाहत पडलेला असतो. मग आवाज चढतो आणि शेवटी भिंतीवरील तसबिरीकडे बोट दाखवले जाते : "बाबासाहेब किती अभ्यास करीत होते, आणि तू?"

मुलगा काही बोलत नाही. परंतु ज्या तसबिरीकडे पाहून त्याला बळ यावे, त्याच तसबिरीची त्याला धास्ती वाटू लागते. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही, पण ते सर्वांत मोठे नुकसान आहे असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेख मुख्यतः पालकांसाठी आहे. विद्यार्थ्यांनीही तो वाचावा.

'आळशी' हा शब्द आपण फार लवकर वापरतो. वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. तसे मुलगा अभ्यास का करीत नाही याचे कारण आधी शोधले पाहिजे. आमच्या पाहण्यात चार कारणे वारंवार येतात.

पहिले कारण कच्चा पाया. दहावीपर्यंत मराठीत 'त्वरण' म्हणून शिकलेली गोष्ट अकरावीत 'ॲक्सिलरेशन' होऊन समोर येते. दोन महिन्यांत मुलगा मागे पडतो, विचारायला लाजतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. दुसरे कारण म्हणजे स्वप्न आपले असते, त्याचे नसते. डॉक्टर व्हायचे हे घरात ठरलेले असते, पण त्याला कोणी विचारलेले नसते. तिसरे कारण वर्गातील टोमणा. "तुला कशाला अभ्यास हवा, तुला कोटा आहे," असे सोबती हसत हसत म्हणतात. मुलगा घरी सांगत नाही, पण आपल्या कष्टाला किंमत नाही असे त्याच्या मनात बसते. अशा वेळी पालकांनी त्याला स्पष्ट सांगावे की राखीव जागा ही भीक नव्हे. तो संविधानाने दिलेला हक्क आहे, आणि आत गेल्यावर पदवीची परीक्षा सर्वांना सारखीच असते. चौथे कारण झोप. रात्री दोनपर्यंत मोबाईल आणि सकाळी जड डोके. महामोग्गलानांना ध्यानात डुलक्या येत असता तथागतांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले : पाठ म्हणावा, तोंडावर पाणी मारावे, चांदण्यांकडे पाहावे, चालावे. आणि कशानेच भागले नाही तर सरळ झोपून घ्यावे! थकलेल्या शरीराला दटावून उपयोग नसतो, हे त्यांनी जाणले होते.

कारण कळले की उपाय करता येतो. येथे सोण भिक्खूची कथा मार्गदर्शक आहे. पाय सोलून निघेपर्यंत त्याने चंक्रमण केले, तरी फळ मिळेना, तेव्हा त्याचे मन खचले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांविषयीच विचारले. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, ढिली सोडली तरी लागत नाही. आपल्या घरात हीच चूक होते. आठ महिने तार ढिली आणि परीक्षेआधी दोन महिने एकदम ताणलेली!

मधला मार्ग म्हणजे रोजचे थोडे, पण ठरलेले काम. "अभ्यास कर" हे काम नव्हे. "जेवणाआधी रसायनाचे वीस प्रश्न सोडव, जे चुकतील ते वहीत लिही," हे काम आहे. त्यासाठी परीक्षेचे स्वरूप पालकांनाही ठाऊक हवे. अभियांत्रिकीसाठीची राज्याची सीईटी २०० गुणांची असते. भौतिक आणि रसायन मिळून १०० गुण, तर एकट्या गणिताला १०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. वैद्यकीयची नीट परीक्षा १८० प्रश्नांची व ७२० गुणांची. तेथे बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकल्यास १ गुण जातो, त्यामुळे अंदाजाने खुणा करणे महागात पडते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते. बारावीच्या बोर्डाकडे दुर्लक्ष करू नये. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी भौतिक, रसायन, गणित या गटात राखीव प्रवर्गाला किमान ४० टक्के गुण लागतात. सीईटीत चांगले गुण मिळवूनही येथे अडकलेली मुले आहेत.

सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना शिल्प, म्हणजे विद्या व कला शिकविणे, हे त्यांतील एक. आजच्या काळात त्यात कागदपत्रांची जबाबदारीही येते. राखीव जागेवरील व्यावसायिक प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज बारावी संपण्याची वाट न पाहता करावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गाव नमुना उतारा शोधायला वेळ लागतो. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळू लागल्या. त्यांमागे अनेकांची वर्षानुवर्षांची चळवळ आहे, तेव्हा एका दाखल्यावाचून जागा जाऊ देणे बरे नव्हे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखलाही वेळेवर काढावा. मुलाने प्रश्न सोडवावेत आणि पालकांनी तहसीलच्या रांगेत उभे राहावे, ही वाटणी न्याय्य आहे. आपल्यासाठी घरचे झटत आहेत हे उपदेशाने नव्हे, अशा कामांतून मुलाला दिसते.

अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाचे वडील एसटीत चालक होते. रागावणे सोडून त्यांनी एकच केले. सुट्टीच्या दिवशी रात्री नऊ ते अकरा तेही मुलाशेजारी पाटावर बसू लागले. स्वतः वर्तमानपत्र वाचत, मोबाईल दोघांचाही स्वयंपाकघरात. महिनाभर मुलगा नुसता बसला. नंतर त्याने पहिल्यांदा विचारले, "बाबा, मला गणित येत नाही, दुसरे काही चालेल का?" त्या प्रश्नासाठी महिना लागला. पुढे तो पाच वर्षांच्या कायद्याच्या सीईटीला बसला आणि आज तो वकिलीचे शिक्षण घेत आहे.

सर्वांनाच डॉक्टर-इंजिनिअर होता येणार नाही, व्हावेही लागत नाही. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. परिचर्या, औषधनिर्माण, कायदा, आयटीआय ही दारेही खुली आहेत. निकालाच्या आधीच, शांत मनाने, या वाटा मुलासमोर मांडून ठेवाव्यात. म्हणजे निकाल हा शेवट वाटत नाही.

एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. मुलगा जेवण टाकीत असेल, मित्रांना टाळीत असेल, झोपत नसेल, किंवा "मी नसतो तर बरे" असे बोलत असेल, तर तो आळस नव्हे. त्याला एकटे सोडू नका. डॉक्टरांकडे न्या, अथवा शासनाच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. त्यात कसलीही लाज नाही. एक वर्ष पुन्हा येते, मूल पुन्हा येत नाही.

शेवटी तसबिरीकडे वळू. लहानपणी साताऱ्यात भीमरावांचेही शाळेत मन रमत नव्हते. कधी बागकाम, कधी शेळ्या राखणे यांत ते गुंतत. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करावे म्हणून त्यांनी आत्याच्या कमरेची पिशवी लांबविली, तर तिच्यात निघाला अर्धा आणा! त्या प्रसंगाने ते खजील झाले आणि अभ्यासाकडे वळले, ही आठवण स्वतः त्यांनीच सांगितली आहे. पुढे परळच्या एका खोलीत वडील सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला अभ्यासाला उठवीत आणि मग त्याच जागेवर स्वतः आडवे होत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून.

म्हणून पालकहो, तसबीर दाखवायची असेल तर ही सारी गोष्ट सांगा. बाबासाहेब किती तास वाचीत होते एवढेच नव्हे, तर त्यांच्यासाठी कोण जागत होते हेही सांगा. मुलाला पुढच्या पायरीवर हात देणारा माणूस घरात हवा. तो आपण होऊ या.

जय भीम!