अणुघड्याळात अणुबाँब नसतो

‘अणुघड्याळ’ म्हटले की पहिला प्रश्न हमखास येतो: त्यातून किरणोत्सर्ग होत असेल ना? मुळीच नाही. अणुभट्टीत अणूचे केंद्रक फुटते. इथे केंद्रकाला धक्काही लागत नाही. अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जाताना ठरावीक कंपनसंख्येच्याच लहरी शोषतो. ती कंपने मोजली की वेळ मोजली जाते. १९६७ पासून सीझियमची ९,१९,२६,३१,७७० कंपने म्हणजे एक सेकंद. प्रकाशीय घड्याळात सीझियमच्या सूक्ष्मलहरींऐवजी लेसरचा प्रकाश वापरतात. स्ट्रॉन्शियमसाठी ही संख्या सेकंदाला सुमारे ४२९ लाख कोटी आहे! पट्टीवरच्या रेघा जितक्या बारीक, तितके माप नेमके.

‘इतके नाजूक यंत्र प्रयोगशाळेबाहेर नेणार कसे?’ ही शंका बरीच वर्षे रास्त होती. स्ट्रॉन्शियमचे अणू निर्वातात ठेवून लेसरने थंड करावे लागतात. पण २०२२ मध्ये हवाईजवळच्या समुद्रात न्यूझीलंडच्या नौदलाच्या ‘आओटेरोआ’ जहाजावर आयोडीनची घड्याळे चालली. जखमेवर लावायच्या टिंक्चरमधलेच हे आयोडीन. बंद काचनळीत त्याची वाफ आणि तिच्यातून जाणारा हिरवा लेसर. अणू थंड करायची कटकट नाही. खरे तर इथे अणूही नाही, आयोडीनचा रेणू आहे. स्ट्रॉन्शियमची अचूकता त्याला नाही. तरीही डोलत्या जहाजावर वीस दिवस ती घड्याळे चालत राहिली आणि दिवसाकाठी सुमारे ३०० पिकोसेकंदच ढळली. तेवढ्यात प्रकाश जेमतेम नऊ सेंटिमीटर जातो. माझ्या मते या क्षेत्रातली खरी झेप हीच.

‘उपग्रह वेळ देतातच, मग हा खटाटोप कशाला?’ उपग्रहाचा संदेश क्षीण असतो, तो मुद्दाम बुजवताही येतो. अशा वेळी जहाजाला स्वतःच्याच घड्याळावर विसंबावे लागते.

आणखी एक समज: दोन अचूक घड्याळांत फरक पडला तर एक चुकलेच. टोकियोच्या स्कायट्री मनोऱ्यात जपानी शास्त्रज्ञांनी स्ट्रॉन्शियमचे एक घड्याळ तळाशी आणि दुसरे ४५० मीटरवर ठेवले. वरचे दिवसाला सुमारे चार नॅनोसेकंद पुढे जात होते. दोन्ही बरोबरच होती. आइन्स्टाइनने सांगितल्याप्रमाणे उंचावर गुरुत्वाकर्षण क्षीण, म्हणून तिथे काळच किंचित वेगाने धावतो. म्हणजे नेता येणारे घड्याळ उंचीही मोजते. सर्वोत्तम घड्याळांना तर एका सेंटिमीटरचा चढही कळू शकतो.

पुण्यात ‘आयुका’ या संशोधन संस्थेतही यटर्बियमच्या आयनावर चालणारे प्रकाशीय घड्याळ उभारण्याचे काम हाती घेतलेले आहे.